दक्षिणेचा पैसा आणि विद्येचें नगर

अलीकडे ‘ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था’ हा शब्द वर्तमानपत्रांतून, विद्यापीठांच्या व्यासपीठांवरून आणि राज्यकर्त्यांच्या भाषणांतून इतका वारंवार कानीं पडतो कीं, ही गोष्ट आपल्याच पिढीनें शोधून काढली असा एखाद्याचा समज व्हावा. शेत, खाण आणि गिरणी यांच्यापेक्षां माणसाच्या डोक्यांतील विद्या अधिक धन उत्पन्न करते; ती विद्या शहरांत एकवटते; म्हणून शहरें हींच आतां राष्ट्रांचीं भांडारें होत, असा ह्या मताचा सारांश आहे. मत खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे. विद्या शहरांत एकवटते हें खरें असलें, तरी जेथें जेथें विद्वान् एकवटले तेथें तेथें लोकांची संपत्ति वाढली असें इतिहास सांगत नाहीं. काशी, पैठण, नवद्वीप ह्या नगरांत शतकानुशतकें पंडितांचा सुकाळ होता. तथापि त्या पंडितांच्या विद्येचा शेजारच्या विणकराच्या मागाशीं कांहीं संबंध आल्याचें दिसत नाहीं. तेव्हां विद्वानांचें गांव आणि विद्येवर जगणारें गांव ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत, आणि पहिल्याचें दुसरें कसें होतें हा खरा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचा विचार हवेंत करण्यापेक्षां एखाद्या नगराच्या इतिहासांत करावा हें बरें. महाराष्ट्रांत अशा विचारास पुण्याइतकें सोयीचें दुसरें नगर नाहीं. कारण तेथें विद्येकरितां म्हणून राखून ठेविलेला एक पैसा, म्हणजे दक्षिणेचा पैसा, आपणांस शंभरांहून अधिक वर्षें हातांतून हातांत जातांना दिसतो. पैसा तोच, पण तो कोणास द्यावयाचा, कशाकरितां द्यावयाचा, आणि कोणास द्यावयाचा नाहीं, हें प्रत्येक पिढीनें पुन्हा ठरविलें. त्या ठरावांबरोबर नगराचेंहि भाग्य पालटत गेलें.

दक्षिणेची चाल मूळ पुण्याची नव्हे. सेनापति दाभाडे तळेगांवास ब्राह्मणांस दक्षिणा वाटीत असत. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर ही चाल पहिल्या बाजीरावानें पुण्यास आणिली. पुढें प्रतिवर्षीं श्रावणमासांत दूरदूरचे वैदिक आणि शास्त्री पुण्यास येऊं लागले. त्यांच्या परीक्षा होत, आणि पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यांत सामान्य ब्राह्मणांनाहि दक्षिणा मिळे. पेशवाईच्या उत्तरकाळीं ही रक्कम लाखांनीं मोजली जाई. हिंदुस्थानांत त्या वेळीं विद्येवर इतका खर्च करणारीं दरबारें थोडींच असतील. ह्या उदारतेस नांवें ठेवणें सोपें आहे. परंतु तिच्यामुळें वेदपाठ, व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र आणि ज्योतिष यांचे अभ्यासक टिकून राहिले, आणि हजारों हस्तलिखितें नकलून ठेविलीं गेलीं, हेंहि विसरूं नये. पुढें पुण्यांत प्राच्यविद्येचें जें पीठ उभें राहिलें, त्याचा पाया ह्या श्रावणी मेळाव्यांनींच घातला.

असें असूनहि एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. दक्षिणेची परीक्षा पाठाची होती. विद्यार्थ्यास काय येतें हें पाहिलें जाई, त्यानें नवें काय काढलें हें पाहिलें जात नसे. शिवाय ही विद्या एकाच जातीच्या पुरुषांत फिरत असे. ज्या हातांनीं शनिवारवाड्याचें लांकूडकाम केलें, कात्रजच्या तलावांतून नळांनीं शहरांत पाणी आणिलें, आणि तांबट आळींत भांडीं ठोकलीं, त्या हातांच्या ज्ञानाला ना परीक्षा होती ना दक्षिणा. नगरांत पंडित होते आणि कारागीरहि होते. दोघांच्या आळ्या एकमेकींपासून हांकेच्या अंतरावर होत्या. पण त्यांची गांठ कोठेंच पडत नव्हती.

ती पडूं शकली असती, याचा एक दाखला त्याच काळांत सांपडतो. इंग्रजांचा पुण्यांतील वकील चार्लस मॅलेट याच्या पदरीं आलेला चित्रकार जेम्स वेल्स यानें पेशव्यांच्या आश्रयानें पुण्यांत चित्रकलेचें शिक्षण सुरू केलें होतें. त्यांत तयार झालेल्या गंगाराम चिंतामण तांबट नांवाच्या गृहस्थानें वेरूळच्या लेण्यांचीं अतिशय मापशुद्ध चित्रें काढलीं. ह्याच मॅलेटच्या सूचनेवरून नाना फडणिसानें भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापविण्याचा उद्योग आरंभिला होता, आणि कोरण्याचें काम एका तांबटाकडेच होतें. १८०० सालीं नाना वारला, आणि पुण्यांत त्या कामाला वाली उरला नाहीं. तो कारागीर मिरजेस गेला, आणि पटवर्धनांच्या आश्रयानें १८०५ सालीं ती गीता तेथें छापून निघाली. गंगारामाचीं चित्रें मॅलेटबरोबर विलायतेस गेलीं. त्यांपैकीं पुष्कळ आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. म्हणजे ज्या नगरांत विद्येवर लाखों रुपये उधळले जात होते, त्या नगरांत छापण्याची कला जन्मास येतां येतां राहिली. कारण छापणारा दक्षिणेस पात्र नव्हता, आणि दक्षिणेस पात्र असणाऱ्यांस छापण्याची गरज वाटत नव्हती. राज्य जाण्याच्या कारणांची चर्चा करतांना आपण तोफा आणि फितुरी यांविषयीं पुष्कळ लिहितों. ह्या लहानशा गोष्टीचाहि त्या हिशेबांत समावेश व्हावयास हवा.

१८१८ सालीं राज्य गेलें. दक्षिणा एकदम बंद केली तर ब्राह्मणवर्ग बिथरेल हें एल्फिन्स्टन जाणून होता. म्हणून त्यानें ती सालीना पन्नास हजारांवर आणून चालूं ठेविली, आणि तिच्याच एका भागांतून १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा स्थापन झाली. दुसऱ्या बाजीरावानें आपल्या ऐषआरामाकरितां बांधलेल्या वाड्यांत व्याकरण आणि न्याय यांचा घोष सुरू झाला. पण पाठशाळेंतील विषय बहुतेक जुनेच होते, आणि तिचें दार प्रारंभीं ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेंच उघडें होतें. राज्यकर्ते बदलले, रक्कम कमी झाली, जागा बदलली. अटी मात्र त्याच राहिल्या.

ह्या अटी प्रथम मोडल्या त्या भाषेच्या बाजूनें. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला. त्याचा सहकारी टॉमस कँडी पुढें पुण्याच्या पाठशाळेवर देखरेख करूं लागला, आणि त्याचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं प्रसिद्ध झाला. मराठी लेखनांत विरामचिन्हें रूढ होण्यासहि कँडीचे श्रम कारण झाले. कोश ही गोष्ट वरवर पाहतां शुष्क दिसते. परंतु एका भाषेंतील ज्ञान दुसऱ्या भाषेच्या बाजारांत चालावयाचें, तर नाण्यांची अदलाबदल करणारा सराफ लागतोच, आणि तें काम ह्या पुस्तकांनीं केलें. १८४८ सालीं पुण्यांत सार्वजनिक ग्रंथालय निघालें; १८४९ च्या फेब्रुवारींत ‘ज्ञानप्रकाश’ पत्र सुरू झालें. पंडितांच्या वाड्याबाहेर वाचणारा असा एक नवा वर्ग नगरांत दिसूं लागला.

त्याच १८४९ सालीं दक्षिणेचा प्रश्न ऐरणीवर आला. लोकहितवादींच्या विचाराच्या कांहीं तरुणांनीं सरकारास अर्ज केला कीं, दक्षिणेच्या पैशाचा कांहीं भाग चांगलीं मराठी पुस्तकें लिहिणाऱ्यांस बक्षीस म्हणून द्यावा, आणि तें बक्षीस कोणत्याहि जातीच्या लेखकास मिळावें. आज ही मागणी किती सौम्य वाटते! परंतु त्या वेळीं शहरांत मोठा क्षोभ झाला, आणि अर्जदारांस मारहाण होईल अशी धास्ती उत्पन्न झाली. तेव्हां जोतीराव फुल्यांनीं महार-मांग समाजांतील धट्टीकट्टी माणसें जमवून ह्या तरुणांचें रक्षण केलें, असें त्यांच्या चरित्रकारांनीं लिहिलें आहे. हा प्रसंग वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. ज्यांना अक्षरहि शिकूं दिलें नव्हतें, अशा लोकांच्या पाठबळावर मराठी ग्रंथकारांस बक्षीस देण्याची मागणी सुखरूप पोंचली. पुढें लवकरच दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली, आणि ज्या पैशानें दीडशें वर्षांच्या आंत केवळ पाठाचा गौरव केला होता, तो नव्या ग्रंथांस मिळूं लागला. दक्षिणेच्या पैशांतूनच कॉलेजांत फेलो नेमले जाऊं लागले. न्यायमूर्ति रानडे हे तरुणपणीं मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत असे दक्षिणा-फेलो होते.

फुल्यांनीं १८४८ सालींच बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली होती, आणि सावित्रीबाई तेथें शिकवीत होत्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं सरकारानें फुल्यांचा शालजोडी देऊन सत्कार केला. तो सत्कार मेजर कँडीच्या हस्तें विश्रामबागवाड्यांत झाला. म्हणजे ज्या वाड्यांत एकतीस वर्षांपूर्वीं दक्षिणेच्या पैशानें एकाच जातीची पाठशाळा उघडली गेली, त्याच वाड्यांत एका माळ्याच्या मुलास, त्यानें शूद्रांच्या आणि स्त्रियांच्या शाळा काढल्या म्हणून, शालजोडी मिळाली. १८५५ सालीं फुल्यांच्या शाळेंतील मुक्ता साळवे ह्या मांग समाजांतील मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’ंत छापून आला. त्यांत तिनें आपल्या लोकांचें दुःख आणि त्यांच्यावर होणारे अन्याय आपल्या शब्दांत मांडले. जें ज्ञान तिच्या आधीं कोणत्याहि शास्त्र्यापाशीं नव्हतें, तें तिच्यापाशीं होतें. तिला लिहितां येईपर्यंत मात्र तें नगराच्या मालकीचें झालें नव्हतें. दारें उघडण्याचा प्रश्न केवळ न्यायाचा आहे असें पुष्कळांस वाटतें. तो न्यायाचा आहेच; पण तो ज्ञानाच्या पुरवठ्याचाहि आहे. नगर ज्यांना बाहेर ठेवतें, त्यांना जें ठाऊक असतें त्याला तें मुकतें.

विद्या आणि हात यांची गांठहि आतां पडूं लागली. १८५४ सालीं सरकारी बांधकामखात्यास लागणारीं माणसें तयार करण्याकरितां पुण्यांत एंजिनियरिंगचा वर्ग निघाला. पुढें त्याचेंच मोठें कॉलेज झालें. तेथून १८८३ सालीं बाहेर पडलेल्या विश्वेश्वरय्यांनीं १९०३ च्या सुमारास खडकवासल्याच्या तलावावर आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. त्यामुळें धरणाची भिंत न वाढवितां पाणी अधिक सांठवितां आलें. कॉलेजांत शिकलेलें गणित पुण्याच्या लोकांच्या घागरींत उतरलें, असें ह्या ठिकाणीं अक्षरशः म्हणतां येतें. स्वतः फुले हे केवळ सुधारक नव्हते, तर बांधकामाचे कंत्राटदार होते आणि छापखान्याच्या खिळ्यांना लागणारे धातूचे साचे विकण्याचाहि त्यांचा व्यवहार होता, ही गोष्ट आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत ते केवळ तक्रार करून थांबत नाहींत. बांध कसे घालावे, पाणी कसें अडवावें, जनावरांची पैदास कशी सुधारावी, हेंहि सांगतात.

हंटर कमिशनपुढें १८८२ सालीं फुल्यांनीं जें निवेदन केलें, त्यांत तर ह्या सगळ्या विषयाचें मर्मच आलें आहे. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामांतून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. हा उलटा व्यवहार थांबवून बारा वर्षांच्या आंतील मुलांचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, असें त्यांचें म्हणणें होतें. ज्ञानाचें नगर स्वतःच्या बुद्धीवर जगतें असें त्याला वाटतें. वस्तुतः पुष्कळ वेळां तें दुसऱ्याच्या शेतावर जगत असतें. हा हिशेब मांडणारा फुल्यांइतका स्पष्ट लेखक त्या काळांत दुसरा दिसत नाहीं.

यानंतरचीं पन्नास वर्षें हीं पुण्याच्या खाजगी संस्थांचीं वर्षें होत. १८७८ सालीं चित्रशाळा, १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ सालीं ‘केसरी’, १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी, आणि १८८५ सालीं फर्गसन कॉलेज. हीं नांवें वाचकांस पाठ आहेत. त्यांच्यामागचा अर्थव्यवहार तितका परिचित नाहीं. सोसायटीचे आजीव सभासद वीस वर्षें दरमहा सुमारें ७५ रुपयांवर काम करण्याचें व्रत घेत. गोखल्यांनीं तें पूर्ण पाळलें. म्हणजे दक्षिणा देणारा राजा राहिला नव्हता, तेव्हां शिकविणारानेंच आपल्या वेतनाचा भाग सोडून नगरास उलटी दक्षिणा दिली. दुसरी गोष्ट अशी कीं, शाळा, छापखाना, वर्तमानपत्र आणि व्याख्यानमाला हीं चारहि अंगें एकाच मंडळींच्या हातीं असल्यामुळें वर्गांत सुचलेली कल्पना आठवड्याच्या आंत छापली जाई आणि महिन्याच्या आंत तिच्यावर वाद होई. पुणें गिरण्यांत मुंबईच्या मागें होतें, बंदर तर त्याला नव्हतेंच. पण कल्पना फिरण्याचा वेग येथें मोठा होता.

१८९० सालीं इंग्लंडांत अर्थशास्त्रज्ञ मार्शल यानें आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच धंद्याचे लोक एका ठिकाणीं दीर्घकाळ राहिले म्हणजे त्या धंद्यांतील कसब कोणी मुद्दाम न शिकवितांहि मुलांच्या अंगीं उतरतें, असें त्यानें दाखविलें. शहर म्हणजे न शिकवितां शिकविणारी शाळा, हा विचार शास्त्रांत तेव्हांपासून रुळला. त्याच सालीं पुण्यांत औद्योगिक परिषद भरली, आणि रानडे यांनीं तिच्यापुढें जावांतील डच लोकांच्या शेतीव्यवस्थेवर भाषण केलें. दोनच वर्षांनीं डेक्कन कॉलेजांत त्यांनीं हिंदी अर्थशास्त्रावरचें आपलें प्रसिद्ध व्याख्यान दिलें. विलायतेंतील सिद्धान्त सर्वत्र जसेच्या तसे लागू पडत नाहींत, देशाच्या परिस्थितीप्रमाणें ते पारखून घेतले पाहिजेत, हें त्यांचें म्हणणें होतें. दक्षिणा-फेलो राहिलेल्या माणसानें आपल्या देशाच्या दारिद्र्याचें शास्त्र रचण्यास घ्यावें, ह्याहून दक्षिणेचें सार्थक तें काय व्हावयाचें?

विसाव्या शतकांत ह्या रोपाच्या फांद्या चहूंकडे पसरल्या. १९१० सालीं राजवाडे आणि मेहेंदळे यांच्या उद्योगानें भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें; १९१६ सालीं कर्व्यांनीं स्त्रियांचें विद्यापीठ काढलें; १९१७ सालीं भांडारकर संस्था उघडली, आणि सरकारी संग्रहांतील हस्तलिखितें तिच्या स्वाधीन झालीं. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं सुरू झालें. १,२५९ हस्तलिखितें त्याकरितां उपयोगांत आणिलीं गेलीं, आणि १९६६ सालीं, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनीं, तें पुरें झालें. आरंभ करणारांपैकीं सुखटणकरांसारखे प्रमुख संपादक शेवट पाहावयास राहिले नाहींत. सत्तेचाळीस वर्षें थांबणारा पैसा बाजारांत मिळत नाहीं. त्याकरितां औंधच्या राजासारखे दाते, सरकारी अनुदान, आणि अल्प वेतनावर आयुष्य वेंचणारे पंडित लागतात. आणि अशीं कामें ज्या नगरांत चालतात, तेथेंच निराळ्या प्रकारचींहि दीर्घसूत्री कामें रुजतात, हें पुढें दिसून आलें. १९२८ सालीं हवामानखात्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आली. १९३० सालीं गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. १९४९ सालीं पुणें विद्यापीठाचें काम सुरू झालें. ३ जानेवारी १९५० रोजीं राष्ट्रीय रसायनशाळेचें उद्घाटन झालें. १९५२ सालीं विषाणूंचें संशोधन करणारें केंद्र येथें स्थापन झालें. १९५४ सालीं पिंपरीस प्रतिजैविकें बनविणारा सरकारी कारखाना उभा राहिला. आणि १९६६ सालीं लशी व रक्तरस बनविणारी सिरम संस्था खाजगी भांडवलावर सुरू झाली.

ह्या शेवटच्या सालांकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. विषाणूकेंद्र निघालें तेव्हां त्याचा उपयोग काय असा प्रश्न कोणी केला असता, तर डांस, गोचीड आणि जंगलांतील माकडें यांपलीकडे उत्तर देतां आलें नसतें. कर्नाटकांतील क्यासनूरच्या रानांतल्या तापाचा विषाणु १९५७ सालीं त्यानें ओळखला, तेव्हांहि सामान्य जनांस त्याचें महत्त्व वाटलें नाहीं. पण २०२० सालीं करोनाची सांथ आली त्या वेळीं तो विषाणु वेगळा करणारे हात पुण्यांत तयार होते. त्यांनीं दिलेल्या विषाणूवरून हैदराबादेस एक लस निघाली. आणि ऑक्सफर्डच्या संशोधनावर आधारलेली दुसरी लस जानेवारी २०२१ पासून पुण्याच्याच सिरम संस्थेंतून देशभर जाऊं लागली. संगणकाचीहि हीच कथा. १९८८ सालीं येथें सी-डॅक ही संस्था निघाली, आणि १९९१ सालीं तिनें ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. त्याच्या मागोमाग हिंजवडीस जो संगणकधंद्यांचा बाजार भरला, त्याला माणसें पुरविलीं तीं शंभर वर्षांपूर्वीं लावलेल्या कॉलेजांनींच. ज्या राज्यकर्त्यांस पांच वर्षांत ज्ञाननगर उभें करावयाचें आहे, त्यांनीं हीं सालें एका ओळींत लिहून पाहावीं.

येथवर ही विजयाची कथा झाली. पण ती येथेंच संपवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मॅन यांनीं १९१७ सालीं एका खेड्याची बारकाईनें पाहणी प्रसिद्ध केली. १७७१ सालीं सरासरी चाळीस एकरांची असलेली जमीनधारणा १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आली होती. शेतें तुकड्या-तुकड्यांत वांटलीं गेलीं होतीं, आणि बहुतेक कुटुंबें कर्जांत बुडालीं होतीं. हिंदुस्थानांतील खेड्यांच्या शास्त्रीय अभ्यासाचा हा पहिला धडा समजला जातो. त्या खेड्याचें नांव पिंपळे सौदागर. आज तें खेडें राहिलें नाहीं. तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आहे, आणि त्याच्या शेतांवर उंच इमारती उभ्या असून त्यांत हिंजवडीस कामास जाणारे लोक राहतात. ज्ञानावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेनें येथें जमिनीचें मोल शतपट वाढविलें. परंतु मॅनसाहेबांनीं ज्यांचीं कर्जें मोजलीं, त्या कुटुंबांच्या पणतवंडांना त्या मोलाचा वांटा मिळाला कीं त्या विद्येचा, हा प्रश्न निराळा आहे. जमिनीचे पैसे एकदांच येतात. विद्या पिढ्यान्‌पिढ्या येत राहते. ज्याला पहिलें मिळालें आणि दुसरें मिळालें नाहीं, तो आपल्याच गांवांत परका होतो. आणि ज्याच्यापाशीं जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या शेतावर राबत होता, त्याला तर दोहोंपैकीं एकहि मिळण्याचा हक्क कोणी मानला नाहीं. फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें मांडलेला हिशेब अशा रीतीनें अद्याप पुरा व्हावयाचा आहे.

दुसरी गोष्ट निर्भयतेची. ५ जानेवारी २००४ रोजीं एका पुस्तकावरून उठलेल्या क्षोभांत जमाव भांडारकर संस्थेंत शिरला आणि त्यानें तेथील ग्रंथांची व वस्तूंची नासधूस केली. १८४९ सालीं अर्जदारांना ज्या नगरांत भीति वाटली, त्याच नगरांत दीडशें वर्षांनीं ग्रंथालयाला भीति वाटावी, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. १८४९ सालीं रक्षणाकरितां जीं माणसें पुढें आलीं, त्यांना विद्येनें कांहींच दिलें नव्हतें. तरी तीं आलीं, कारण ही विद्या उद्यां आपल्या मुलांची होईल अशी आशा त्यांना कोणी तरी दिली होती. ग्रंथालयाचें खरें संरक्षण पोलिसांच्या पहाऱ्यानें होत नाहीं. जें ज्ञान आपलें आहे असें बहुजनांस वाटतें, त्याच्यावर हात टाकावयास माणूस कचरतो. जें मूठभरांचें वाटतें, त्याच्यावर हात टाकणारे सांपडतातच. दार बंद ठेवण्याची किंमत ही अशी अनपेक्षित रीतीनें भरावी लागते.

ह्या सर्व इतिहासाचा निष्कर्ष तीन वाक्यांत सांगतां येईल. विद्येच्या नगराला उतावळा नसलेला पैसा लागतो. पंडिताची बैठक आणि कारागिराचें दुकान यांचें दळणवळण लागतें. आणि ज्याला काल आंत येऊं दिलें नाहीं त्याला आज आंत घेणारें दार लागतें. पेशवाईंत पहिली गोष्ट भरपूर होती, आणि बाकीच्या दोन नव्हत्या. म्हणून छापावयास घेतलेली गीता मिरजेस गेली. एकोणिसाव्या शतकांत पैसा थोडका होता, पण बाकीच्या दोन गोष्टी हळूहळू येऊं लागल्या. म्हणून एका नदीकांठच्या उजाड राजधानीचें विद्यापीठ झालें. आजच्या पुण्यांत पैसा पूर्वीं कधीं नव्हता इतका आहे. तो वर्षादोन वर्षांत फळ मागतो कीं सत्तेचाळीस वर्षें थांबतो, आणि त्यानें उघडलेल्या शाळेची फी पिंपळे सौदागरच्या जुन्या वाडीतल्या घराला परवडते कीं नाहीं, ह्या दोन गोष्टींवरून त्याची परीक्षा करावी. दक्षिणा कोणास द्यावी हा अर्ज १८४९ सालीं कांहीं तरुणांनीं लिहिला होता. तसा अर्ज लिहिण्याची पाळी प्रत्येक पिढीवर येते, आणि ती टाळतां येत नाहीं.